आटे

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
लेथवर वाकलेल्या आण्णांपुढे मी मोबाइल धरला.
पडद्यावर करडा धुरळा, आणि धुरळ्यात
केसाच्या दहा हजाराव्या भागाएवढी
एक काडी.

‘कुणाची ही?’
लक्ष्मीपुरीतल्या सडक्या बटाट्यात सापडलेल्या
जिवाणूची, म्हटलं. त्याच्या अंगाला दोन भिंती.
आतल्या भिंतीत सुटे कण तरंगत असतात,
ते एकेक उचलून काडीच्या बुडाशी बसवले जातात,
प्रत्येक कण आधीच्याहून जरा वळून बसतो
आणि काडी जरा वर सरकते.
असं सरकत ती माल रेटते
बाहेरच्या भिंतीतल्या दारातून पार.
स्वतः मात्र उंबऱ्याशीच थांबते,
मोडते, पुन्हा कण होते.
माल म्हणजे पाचकरस,
कडक बटाट्याचं रातोरात पाणी करणारे.

आण्णांनी चिंधीला हात पुसले.
‘म्हंजे आटं हाईत की ह्याला. पिच किती?’
एका फेऱ्यात चार कण, पाचव्याची किनार.
‘अन् आटा डावा का उजवा?’

तीन वर्षांत
इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं.
ठरत नाही, आण्णा. ही नुसती सावली आहे.

त्यांनी एक बोल्ट बल्बसमोर धरला.
मग दस्तगीरमामांच्या ग्राइंडरचा जुना स्पिंडल,
ज्याच्या एका टोकाला उलटे आटे.
भिंतीवर दातेच दाते.
‘सारकंच की गं,’ ते भिंतीला म्हणाले.
‘मग नट लावून बगायचा.’

एवढा नट कुठून आणू?
पण कणाच्या पोटात एक गुंडाळी असते,
बटाट्यात, जिवाणूत, तुमच्या-माझ्यात
ती उजवीच. ती नीट दिसली
की बाहेरचा आटाही कळेल.
‘मग दिसंना का?’
काड्या टिकत नाहीत. धुतल्या की विरतात.

आण्णांनी तंबाखू काढली,
डबीतला चुना नखावर घेतला
आणि मी त्या नखाकडे बघतच राहिले.
प्रत्येक कणाला एक खाच असते,
बरोबर एका कॅल्शियमच्या मापाची.
आणि आम्ही दर वेळी इतक्या निगुतीनं धुत होतो
की खाचा रिकाम्या होत होत्या.

‘लोकं चुना लावून पळत्यात,’ दस्तगीरमामा हसले,
‘हिचं चुन्यावर टिकतंय.’

त्या रात्री सागरमाळावर
प्रयोगशाळेतला पंखा खडखडत होता.
धुण्याच्या पाण्यात मोजून कॅल्शियम घातलं,
डब्यात बर्फ भरून नमुने बंगळुरूला धाडले.
तिथली यंत्रं मोठी, रांगही मोठी.
मध्ये दिवाळी आली. फराळाला कुणी
माझ्या काड्यांचं नाव काढलं नाही.

चित्रं आली तेव्हा मी ती
आधी उलटी करून पाहिली, आरशात पाहिल्यासारखी.
गुंडाळी डावीकडे फिरली.
मग सुलट केली.

फोनवर लेथची घरघर. मी ओरडले,
उजवा, आण्णा!
‘काय?’
उजवा आटा!
घरघर थांबली.
‘मग न्हेमीचाच की,’ ते म्हणाले.
जरा वेळानं:
‘अन् बटाटं सडायचं थांबलं का?’

नाही.

‘हं,’
आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.