चौऱ्याऐंशीचा फेरा

पोर्वेनीरमध्ये वारा दार उघडत नाही, उपटतो.
म्हणून रात्रशाळेत शिरताना एदुविना ओयार्सो
आधी खांदा घालते, मग दप्तर,
मग सत्तेचाळीस वर्षांची उरलेली ती.
हातांना खेकड्याचा वास.
लिंबू चोळून झालंय, राखही.

फळ्यावर: क्ष वर्ग अधिक पाच क्ष उणे चौऱ्याऐंशी.
अवयव पाडा.

मुलाच्या जुन्या फोनवर, तडकलेल्या काचेखाली,
तिनं ती त्रिपदी एकेक खूण शोधत भरली.
बटण दाबलं.
कुठल्याशा लांबच्या यंत्रानं
विचारात पडल्याचं नाटकसुद्धा न करता
दोन कंस पुढे केले:
एकात क्ष अधिक बारा, दुसऱ्यात क्ष उणे सात.
तिनं वहीत उतरवले. सुबक. खाली दोन रेघा.

मारुसिचबाई म्हणाल्या, "बरोबर.
पण बारा नि सातच का?
चौदा सक चौऱ्याऐंशीच की."
एदुविनानं फोनकडे पाहिलं.
पडदा विझला होता.

माझ्या भाषेत, एदुविना, हातपायही अवयवच.
तुझ्याकडे त्या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत.
दिवसभर कारखान्यात तू जे पाडतेस
आणि रात्री तुला जे पाडता येत नाही,
ते माझ्याकडे एकाच शब्दात राहतं, दाटीवाटीनं.
आणि चौऱ्याऐंशीचा फेरा म्हणजे आमच्यात
जन्मामागून जन्म.
तुझा एका रात्रीचा गृहपाठ.

सकाळी पट्ट्यावरून वाफाळते लाल पाय आले.
तिनं चौऱ्याऐंशी मोजून बाजूला घेतले.
बेचाळीसच्या दोन ओळी: ट्रेच्या बाहेर.
अठ्ठावीसच्या तीन. एकवीसच्या चार.
चौदाच्या सहा, इथं ती जरा रेंगाळली,
चौदातून सहा गेले, आठ. नको.
बाराच्या सात ओळी.
बारातून सात गेले
आणि तिच्या हातमोज्यातली पाची बोटं
आपोआप ताठ झाली.

"ओयार्सो! खोकी भरायचीत की नक्षी काढायचीय?"
मुकादम कार्कामो.
तिनं नक्षी मोडली, खोक्यात ओतली, झाकण लावलं.
कुठल्याशा शहरात कुणीतरी ते उत्तर
लोण्यात बुडवून खाईल.

उणे कुणाच्या वाट्याला जायचं, तेवढं राहिलं होतं.
धाकट्याच्या, बेरीज अधिक हवी असेल तर.
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.
अकरा भावंडांत ती शेवटची.

आता ती आधी पेन्सिल चालवते,
फोन नंतर. गावात आलेल्या पाहुण्याला
ठाऊक असलेलीच वाट विचारावी, तसा.
जुळलं की "हं" म्हणते. त्यालाच.

परवा फळ्यावर: क्ष वर्ग अधिक चार क्ष अधिक नऊ.
एक नि नऊ, दहा. तीन नि तीन, सहा.
उणे घेऊन पाहिले, ते तर उलट्याच दिशेला गेले.
वर्गात हीटर खोकत होता. कुणीतरी पान उलटलं.
तिनं लिहिलं: पडत नाहीत.
खोडलं. परत लिहिलं.
मग बटण दाबलं, आणि त्या सर्वज्ञानंही
तेच वाक्य दिलं, जरा जास्त शिष्ट शब्दांत.

बाहेर वाऱ्यानं दार धरून ठेवलं होतं.
ती खांदा लावून उभी राहिली,
वही कोटाच्या आत,
आणि बराच वेळ ढकललंच नाही.