गळतीचे एकोणीस पैसे

कळमनुरीच्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या शोरूमशेजारी
आमच्या वीज संस्थेचं पत्र्याचं ऑफिस.
मी तक्रार वही सांभाळते. लांब वही, लाल कापडाची पाठ,
रकाने पाच : नंबर, नाव, गाव, म्हणणं, निकाल.
पाचवा मी पेन्सिलीनं भरते, निकाल बदलतात.

म्हणणं लिहिताना शब्द बदलायचे नाहीत,
अचिंतराव लाइनमननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
म्हणून वहीत आहे :
“मीटर रात्रीच्याला पळायलंय, आम्ही जागून बगितलं.”
“डीपीत सरडा मरून चार रोज झाले, वास यायलाय, लाइट यायना.”
“बिलावर मेलेल्या सासऱ्याचं नाव यायलंय. येऊ द्या,
पण रक्कम तेवढी कमी करा.”

मेहताबबी चार वेळा आली.
पिको-फॉलची मशीन, एक ट्यूब, एक टेबल फॅन,
आणि बिल बाराशे चाळीस.
रीडिंगवाल्या पोरानं सहा महिने एकच शेरा मारलेला : घर बंद.
“बंद कसं? मी तर दारातच बसते मशीन घेऊन.
त्याच्या अम्मीच्या साडीला फॉल मीच लावला.”
मी लिहिलं. अम्मीची आई केली नाही.

मग मे महिन्यात सर्वसाधारण सभा.
मंगल कार्यालय, सतरंज्या, पाण्याचे जार.
चेअरमन ढोणे फळ्यावर दर मांडत होते,
लेकराला हातचे शिकवावेत तसा :
विकत घेतलेली वीज, चार रुपये ब्याऐंशी.
खांब, तारा, तेल, अठ्ठेचाळीस पैसे.
पगार एकसष्ट, त्यात माझाही.
आणि खडू मोडला म्हणून खाली बारीक अक्षरात
गळती, एकोणीस.
युनिटला सहा रुपये दहा पैसे.

“गळती म्हंजे?” मागून कुणीतरी.
“तार तापते, त्यात थोडी जाते.
बाकी आकडे टाकणारे आहेतच की.”
माना तळ्याकाठच्या वस्तीकडे वळल्या.
तिथून दोघंच आलेले,
ते सतरंजीचा दोरा उसवत बसले.

मेहताबबी उठली. हातात सहा बिलं, दोऱ्यात ओवलेली.
मला वाटलं, घर बंदचं काढेल.
“मी चार बार आले तुमच्या हापिसात.
चारी बार सायबाच्या खोलीत कूलर चालू, सायब नाही.
त्या कूलरचं मीटर कुठं हाय?”

हशा झाला. मग तो एकेका ओळीतून विझत गेला.
चेअरमननी सेक्रेटरीकडे बघितलं,
सेक्रेटरीनं अचिंतरावांकडे,
अचिंतरावांनी छताकडे.

मला माहीत होतं.
खांबावरून वायर सरळ खिडकीतून आत येते,
मधे काहीच नाही.
तीन उन्हाळे मी तिच्याच पंख्याखाली बसून
लोकांचं म्हणणं लिहितेय, जसंच्या तसं.

दर मंजूर. हात वर, टाळ्या, मसाला भात.
मेहताबबीचा प्रश्न इतिवृत्तात आला नाही.
जागेअभावी, म्हणाले.

सोमवारी ऑफिस झाडलं, वही उघडली.
नोंद दोनशे बारा.
नाव : अनुसया गजभारे. गाव : हेच.
म्हणणं : ऑफिसला मीटर नाही. आम्ही जाळतो ती वीज
गळतीत धरता, आणि बघता तळ्याकडे.
शेजारच्या खोलीत कूलर घरघरत होता.
जाऊन बंद केला. पंखाही केला.
मग घामानं पेन सटकायला लागलं,
‘गळती’तला ळ नीट आला नाही.

मीटर बसायला अडीच महिने लागले.
शिडीवरून अचिंतराव म्हणाले, “बाई, आता पंखा एकवर ठेवा.”
एवढंच बोलले, बरेच दिवस.
मेहताबबीचं बिल दुरुस्त झालं, पण अर्धं.
उरलेल्या अर्ध्याची फाइल जिल्ह्याला गेलीय,
तिथं बहुतेक घर बंद आहे.

परवा पहिलं रीडिंग घ्यायला तोच पोरगा आला.
मी समोर, खुर्चीत, वही उघडी.
त्यानं माझ्याकडे बघितलं, मीटरकडे नाही,
सवयीनं शेरा लिहायला घेतला,
थांबला,
आणि माझ्याकडे खोडरबर मागितलं.