पाय उचलल्यावर

सोमवार ते शुक्रवार
पालिकेची पांढरी, विजेवरची गाडी.
मागे गोळ्यांचे डबे, म्हाताऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या.
सारखी टुणटुणते :
रेघ ओलांडलीत, पट्टा लावा,
दमलात का, कॉफी घ्या.
उतारावर पाय उचलला की मागे ओढते,
पळत्या पोराचं दप्तर धरावं तशी.
तक्रार नाही माझी. उणे तिसातसुद्धा
सीट ऊबदार, अन् एकदाही अडकले नाही.

रविवारी साब.
एकाहत्तर सालची, मोहरीच्या रंगाची,
सिक्स्तेननं तीनदा इंजिन उतरवलेली.
गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.
दुसरा म्हणजे सायीत चमचा,
तिसरा हट्टी.
खड्डा आला की मनगटापर्यंत कळतो.
काचेवर आतून बर्फ धरतं,
ते मी बँकेच्या कार्डानं खरवडते.

सिक्स्तेन आता शेजारी बसतो.
डोळे गेले, कान शाबूत.
"तिसरा उशिरा टाकलास, इंगेयर्ड."
मग लुले नदीकडचा लांब उतार.
मी पाय उचलते
आणि इंजिन आमचा हात सोडून देतं.
टायरखाली बर्फाची खरखर,
पाइनचा वास,
आणि सिक्स्तेन गप्प.

परवा बुधवारी त्याच उतारावर
पांढऱ्या गाडीत सवयीनं पाय उचलला.
तिनं धरलं.
मागे किल्ल्या खुळखुळल्या,
त्यात एक ओल्गाच्या घराची,
अजून परत न केलेली.
खाली पोचेपर्यंत
मी पाय तसाच अधांतरी ठेवला.

घरी सांगितलं तर सिक्स्तेन म्हणाला,
"साबचे ब्रेक बघून घे या आठवड्यात.
सोडणाऱ्या गाडीचे
बघावेच लागतात."