तहकूब

विषय क्रमांक सात.
देवराईच्या कडेचा जुना बेहडा
जेटीच्या रस्त्याला आड येतो,
तो तोडून लाकडाचा लिलाव करणे.
अपेक्षित रक्कम अठरा हजार.

मी पाटथर ग्रामपंचायतीचा लिपिक.
इतिवृत्त लिहितो. मत माझं नसतं.
निळी शाई, डावीकडे समास,
आणि ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत
मावतं एरवी सगळं भांडण.

फेब्रुवारीत मावलं नाही.
बाबल घाडी उंबऱ्याबाहेर, चपला हातात.
मासिक सभा सदस्यांची, त्याला बोलायचा हक्क नाही,
तरी बोललाच:
“आत बाळंतीण बसली हा,
नि तुमी घर मोडूक निगालास?”

कोणीतरी हसलं.
सरपंच अनुसया तिर्लोटकर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, बघून येऊ.

चाळीस फुटांवर ढोली.
ढोलीला लिंपण, लिंपणाला एक चीर,
चिरेत चोचीचं पिवळट टोक.
नर आला, फांदीवर टेकला,
गळ्यातून एकेक फळ काढून आत देऊ लागला.
उंबरं, वडाची फळं, मग काजऱ्याचं,
जे आपण खाल्लं तर दुपार बघणार नाही.
हसीना सोलकर मोजत होत्या. सतरा.
“माझ्या रेशन दुकानावर
इतक्या नेमानं माल येत नाही,” म्हणाल्या.
हे इतिवृत्तात नाही.

मार्चमध्ये विषय परत आला.
घेर मोजल्याशिवाय मूल्यांकन नाही,
मूल्यांकनाशिवाय लिलाव नाही,
आणि कार्यालयाची टेप सापडेना.
कपाट झालं, जुनी दप्तरं झाली,
शिपायाने सायकलच्या पिशवीतही पाहिलं.
सबब, विषय तहकूब.
टेप माझ्या खणात होती,
मृत्यूच्या दाखल्यांच्या कोऱ्या पुस्तकाखाली.

एप्रिलला ठेकेदार नारिंगरेकर
स्वतःची टेप घेऊनच आला.
सरपंचांनी चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी पाहिली.
“ही प्रमाणित आहे का?”
टेपलाही शिक्का लागतो
हे सभेला त्या दिवशी कळलं.
मलाही.

रूपाजी खवळे मात्र उठून बोलला,
आणि त्याचं मी शब्दशः लिहिलंय:
पाखराची सोय झाली, बरं झालं.
आमच्या टेम्पोला वरच्या सड्यावरून वळसा,
बर्फ अर्ध्या वाटेत पाणी होतो,
सुरमई मऊ पडली की व्यापारी नाक मुरडतो.
तिचं घर आहे. आमचं काय आहे?
कोणी उत्तर दिलं नाही.
‘चर्चा झाली’ असं लिहायला हात गेला,
मग तसाच मागे घेतला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात
बाबल सांगत आला, भिंत फुटली.
मी गेलो तेव्हा ती वरच्या फांदीवर बसली होती,
शेपटीची पिसं आखूड, नवी,
उजेडाची सवय गेलेल्या माणसासारखी
मान या बाजूला, त्या बाजूला.
खाली लिंपणाचे तुकडे, बियांचा खच.
काही बियांना मोड आले होते.

जूनच्या सभेला टेप सापडली.
घेर तीन मीटर बारा.
बेहडा राखून रस्ता वळवावा,
सूचक सोलकर, अनुमोदक खवळे.
होय, खवळेच.
वाढीव खर्च बेचाळीस हजार.
तरतूद नाही.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी
घरपट्टीचं रजिस्टर उघडलं, नमुना आठ,
शेवटचं पान, पेन्सिलीनं:

घर क्रमांक: दिलेला नाही.
बांधकाम: माती, विष्ठा, फळांचा गर.
दरवाजा: एक, बोटभर.
भोगवटादार: ककणेराची मादी, पिल्लांसह.
मालक:

इथे पेन्सिल थांबली.
ऑडिटवाले आले की खोडून टाकीन.

पुढच्या माघात ती परत येईल,
आणि विषय क्रमांक सातही.
टेप कुठे ठेवायची
हे अजून ठरवलेलं नाही.