भाकरीचा राखणदार

मोडीचं देवनागरी करून द्यायचं, पानामागे वीस रुपये.
कोल्हापूरच्या दफ्तरात पंखा आहे,
पण लावायचा नाही, कागद उडतात.
सर्जेराव शिपाई रुमालाची गाठ सोडतो
आणि शिंकतो. दर गठ्ठ्याला एकदा.

आज निघाला एका मानपत्राचा कच्चा मसुदा.
लॉर्ड एल्डरमियर येणार होते घाट चढून,
नावाच्या मागे-पुढे किताबांची एवढी गर्दी
की मधलं नाव सापडत नाही,
जोतिबाच्या यात्रेत पोर हरवावं तसं.
अमक्या परगण्याचे बॅरन, तमक्या ताऱ्याचे नाईट,
राणीसरकारचे खासे सल्लागार.
केसो त्र्यंबक हुपरीकर, कारकून, पगार नऊ रुपये,
एकेका किताबाला मराठी अंगरखा बेततोय.
'राइट ऑनरेबल'साठी आधी 'राजमान्य'. खोडलं.
मग 'महामान्य'. खोडलं.
मग 'उजवे मानकरी'.
हे खोडायचं राहून गेलं.

दुसऱ्या कागदावर बैठकीचा नकाशा.
थोरल्या जहागीरदारांसाठी साहेब
गालिच्यावरून दोन पावलं पुढे येतील,
धाकट्यांसाठी एक,
बाकीच्यांसाठी खुर्चीतून अर्धवट उठतील.
अर्धवट म्हणजे किती,
यावर तीन पत्रं गेली, तीन आली.
पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर झोपलेली घराणी
आता गालिच्यावरची फुलं मोजत होती.

सर्जेराव खांद्यावरून डोकावतो,
"लई मोठा गडी असणार, काय ओ मॅडम?"
मी वाचून दाखवते, हुपरीकरांनीच टिपलंय:
'यांचे आजे बिअर गाळीत. पैका झाला, किताब झाला.
तिकडे राज्यसभेत जागा थोरल्या मुलास
बापामागे आपोआप मिळते.'
"म्हंजे पाटीलकीच की," सर्जेराव म्हणतो
आणि पाणी आणायला जातो.

मग समासात, बारीक बोरूनं,
आडवं नाही, उभं लिहिलेलं:
'आज हायस्कुलातील इंग्रजीचे मास्तर बोलिले,
लार्ड म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार,
आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी.
खरे-खोटे मास्तर जाणे.
घरी सगुणेस लेडी म्हणोन हाक मारिली.
तिने परात आपटली. परातीत पीठ नव्हते.'

मी तारीख पाहिली.
दुष्काळाचं साल.
त्याच रुमालात, तळाशी, निराळ्या हाताचा कागद:
रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायकांना
दिवसाचं धान्य किती, त्याचा आकडा.
आकडा खोडलेला.
वर त्याहून लहान आकडा.
खाली, हुजुरांच्या आज्ञेवरून, कोणाची तरी सही,
तिलाही एक चिमुकला किताब.

पक्की प्रत इथे नाही.
ती चांदीच्या नळीतून विलायतेला गेली,
कुठल्याशा माळ्यावर पडली असेल,
किंवा नातवानं नळी विकून कागद टाकला असेल.
इथे आहे तो शेवटून दुसरा मसुदा,
स्वच्छ, एका लयीत, हात न उचलता लिहिलेला.
सगळे किताब ओळीनं उभे, भालदारांसारखे,
आणि त्यांच्या शेवटी, नावाच्या अगदी आधी,
हुपरीकरांनी बेमालूम घुसवलेलं:
'भाकरीचे राखणदार'.

त्यावर तांबड्या शाईची रेघ.
शेजारी वरिष्ठांचे दोन शब्द: 'हे काय?'
आणि खाली, 'दंड आठ आणे'.

त्यांनी हे भोळेपणानं लिहिलं की जाणून,
अक्षरावरून कळत नाही.
अक्षर कुठेच थरथरलेलं नाही.

कार्यालयाचा नियम असा आहे
की खोडलेला मजकूर उतरवायचा नाही.
मी उतरवला.
पानाचे पैसे तेवढेच.