कल्हई

शांतता समितीच्या बैठकीला मीही होतो.
चौकीत चहा आला, ग्लुकोजची बिस्किटं आली,
फोटोसाठी दोन्हीकडच्यांनी एकमेकांचे हात धरले
आणि फोटो निघाल्यावर सोडले.
बाहेर दुधबाजाराच्या तोंडाशी बांबू आडवे,
पोलीस खुर्चीवर पेंगत होता.

आमच्या तांबट आळीत त्या महिन्यात
हातोडे वाजत होते, पण चुकत होते.
तांब्याला कळतं ठोकणारा कुणावर चिडलाय ते.
पोचा पडतो.

मारुतीच्या भंडाऱ्याचा हंडा कोपऱ्यात उपडा.
काठावर ठिपक्यांनी कोरलेलं:
कै. भिवराबाई तांबट यांच्या स्मरणार्थ.
खाली, वेगळ्या हाताची, एक चंद्रकोर.
उरुसाला नेल्यावर ओळख पटावी म्हणून
कुणीतरी खिळ्यानं ओढलेली.
चाळीस वर्षं हा एकच हंडा
चैत्रात आमची आमटी शिजवायचा,
उरुसाला त्यांचा गोड भात.

सिंधूमामीनं आत बोट फिरवलं. हिरवं आलं.
"कल्हई उडाली. यात रांधलं तर कळकेल.
कळकलेलं देवाला कसं वाढू?"
मंडळाची पोरं म्हणाली, पंचवटीत स्टीलचा मिळतो, भाड्यानं.
"आणा की," मामी म्हणाली,
"पण माझ्या सासूचं नाव कुठं ठेवू?"
मग माझ्याकडे वळून,
"एक कान तू धर. दुसरा तुझ्या पुतण्यानं."

हर्षलचं त्या रात्रीचं मला माहीत होतं.
मामीला होतं का, आजवर विचारलेलं नाही.

बांबूखालून आधी हंडा गेला, मग आम्ही.
पोलीस जागा झाला. "काय आहे यात?"
"काहीच नाही," मामी म्हणाली. "तेच तर."

मुनाफ कल्हईवाल्यांची भट्टी थंड होती.
उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला.
त्यांनी हंडा ओळखला, आम्हाला नंतर.
"ठेवा. पण भाता कोण फिरवणार?
अल्तमशला मी अजून घराबाहेर सोडत नाही."

बराच वेळ गेला.
समोरच्या गच्चीवरून कुणीतरी बघत होतं.
हर्षल उकिडवा बसला, भात्याची मूठ धरली.
त्याच हातानं.

"हळू," मुनाफ म्हणाले. "फार तापलं की कथील जळतं.
कमी तापलं तर धरत नाही."
डाव्या हातानं नवसागर टाकला.
धूर उठला, पांढरा, नाकाडोळ्यांत शिरणारा,
सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं.
कुणाचं कशाचं, ते धुराला विचारा.

हर्षल काहीतरी बोलला. भात्याच्या घरघरीत
मला नीट ऐकू आलं नाही.
मुनाफनी मान वर केली नाही,
कापसाचा बोळा फिरवत राहिले,
आणि तांब्याच्या पोटात चांदी पसरत गेली,
वेडीवाकडी, डाव्या हाताची.

पैसे त्यांनी मोजून घेतले. एक रुपया सोडला नाही.
मामीला ते आवडलं.
"किती टिकेल?" मी विचारलं.
"आंबट घातलं नाही तर वर्ष.
चिंच घालाल तर दिवाळीपर्यंत.
मग परत आणा."

परतताना बांबू तसेच होते.
हर्षलचे तळवे काजळीनं काळे.
"रामकुंडावर धुऊन येतो," म्हणाला.
"तिथं साऱ्या देशाचं धुतात," मामी म्हणाली,
"तू घरच्या नळाला धू."