हाडाचा व्यापारी

चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
नाशिक रोडला, बहुतेक दुसऱ्या पाळीला.
शंभराच्या कागदावर एक रेघ सरकली
तरी बोट आधी थांबायचं,
डोळे नंतर.
निवृत्त झाल्यावर त्या बोटाला काम हवं होतं.
भिशीचे पैसे मोजून भागेना.

हनीफ मणियारचं दुकान द्वारकेच्या पुढे,
बॅटरीवाल्याच्या माडीवर.
आजोबा बांगड्या विकायचे, हा स्फटिक विकतो,
सिन्नरकडच्या विहिरींतून निघालेले,
पोपटी, गाजरी, काही नुसते पाण्यासारखे.
ते खोक्यांतून परदेशी जातात
आणि तिकडून, पैशांऐवजी कधीकधी,
दात येतात.

शार्कचे. मोरोक्कोच्या खाणीतले,
बिस्किटाच्या डब्यात, कापसावर.
"पाच कोटी वर्षं," हनीफ म्हणतो,
आजोबा म्हणत असतील तसं: अस्सल फिरोजाबादी.
लहान दोनशे, कंगोरा शाबूत असेल तर पाचशे,
तळहाताएवढा अखंड हवा
तर बसा, चहा सांगतो.

मी बोट फिरवलं.
मूळ खरं, टोक खरं,
मधे डिंकात कालवलेली वाळू.
"हे दोन वेगळ्या माशांचे आहेत, हनीफभाई.
कुणीतरी जोडून दिलेत."
"मॅडम, लग्नंही अशीच होतात."
दीडशेला दिला. खोटा म्हणून स्वस्त,
आणि खोट्याच्या आत दोन खरे मासे.

शार्कला म्हणे जन्मभर दात येत राहतात,
एक पडला की मागचा पुढे सरकतो
पाळी बदलल्यासारखा.
आमच्या निनादचा पहिला दात
मी शेणात घालून कौलांवर फेकला होता.
त्या घरावर आता स्लॅब आहे.
तो फोनवर विचारतो, आई, दगड किती झाले?
मी किलोत सांगते.

तुळशा धोत्रे पूर्वी खाणीत सुरुंग लावायचा,
आता हनीफला माल आणून देतो.
त्याला विचारलं, मोठ्या जनावरांची हाडं
आपल्याकडे नाही का निघत?
"आपला दगड जळत आलेला, बाई.
त्यात कोण ऱ्हाईल? जे व्हतं ते खाली.
मी चाळीस फूट गेलो, ऐंशी गेलो,
पोकळीत दगडाची फुलं निघाली.
हाड न्हाई."

परवा हनीफने गुजराती पेपरची पुडी सोडली.
डायनासोर, म्हणाला. मांडीचं असावं.
तपकिरी, भाकरीच्या चतकोराएवढं,
तुटल्या कडेला बारीक जाळी.
कुठून आणलं? गप्प.
पावती? हसला.
"जीभ लावून बघा.
नुसता दगड सुटतो. हाड धरतं."

आमच्यात हाड शिवलं तर आंघोळ करतात.
मी दाराकडे पाठ केली आणि जीभ लावली.
धरलं.
हलकंच, नोटा मोजताना
ओल्या स्पंजवर बोट अडावं तसं.

किंमत त्याने सांगितली. तेवढे होते माझ्याकडे.
पण कुणाच्या बांधातून रात्री खणलेलं,
सरकारचं, की कुणाचंच नाही?
कागद उजेडात धरला की बोलतो.
हे बोलेना.
मी पुडी होती तशी बांधली.
"दात कोरून पोट भरत नाही, मॅडम," हनीफ म्हणाला.
हाडाचा व्यापारी. चहाचे पैसे मात्र घेतले नाहीत.

बहिणीकडे पंचवटीत जायचं होतं,
रामकुंडाशी उतरले.
पायरीवर बीडकडचं बोलणारं एक कुटुंब,
लाल फडक्यात मडकं.
गुरुजी सांगत होते, इथे अस्थी विरघळतात,
काही शिल्लक राहत नाही.
दहाएक वर्षांची एक मुलगी
वाकून बघत होती, खरंच का.
मीही वाकले.
पाणी गढूळ. काही दिसेना.
पर्समध्ये, सुट्ट्या नाण्यांत,
दीडशेचा दात वाजला.

बहिणीने दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला.
जिभेवर तेवढी जागा अजून कोरडी होती.
मी जरा वेळ प्यायले नाही.